आजाऱ्याचं फळ

हातात सफरचंद-डाळिंबांची पिशवी घेऊन कुणी एसटीत चढलं, की शेजारी बसलेला माणूस थोड्या वेळानं हमखास विचारतो, "कोण ॲडमिट आहे?" या विचारण्यात आगाऊपणा नसतो. आमच्या भागात विकतचं फळ घरी येण्याची कारणं ठरलेली आहेत. कुणीतरी दवाखान्यात आहे, कुणाची ओटी भरायची आहे, देवापुढं पाच फळं मांडायची आहेत, नाहीतर उपास आहे. धडधाकट माणसानं एखाद्या मंगळवारी दुपारी सहज म्हणून एक डाळिंब फोडून खावं, असं घडत नाही. फोडलंच तर निम्मं मुलांना, थोडं म्हाताऱ्यांना, आणि फोडणारी बाई वाटी धुवायला घेते.

अमुक फळ हृदयाला चांगलं, तमुक फळात इतकी अँटिऑक्सिडंट, असं आता चहूकडून कानावर येतं, तेव्हा मला ही पिशवी आठवते. फळाला आपण आधी आजाऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवलं आणि आता औषधाच्या बाटलीत भरायला निघालो. दोन्ही वेळा निरोगी माणसाचं रोजचं ताट मात्र रिकामंच राहिलं. याच ताटाबद्दल लिहायचं आहे, आणि डाळिंबाच्या अंगानं लिहायचं आहे, कारण मी डाळिंबाच्या बागेत वाढले.

आमचं गाव माणदेशातलं. आटपाडी, सांगोला, जत, माण, खटाव हा सगळा टापू पाऊस चुकवून जातो. जमीन मुरमाड, हवा कोरडी. दुसऱ्या पिकाला जे सोसत नाही ते डाळिंबाला मानवतं. या झाडाची गंमतच अशी, की त्याला आधी तहानलेलं ठेवावं लागतं. पाणी तोडून ताण द्यायचा, पानं गळू द्यायची, हलकी छाटणी करायची, खत घालायचं, आणि मग पहिलं पाणी सोडायचं. त्या पाण्यावर कळी निघते. जूनच्या पावसावर धरला तर मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धरला तर हस्त बहार, जानेवारीत धरला तर आंबे बहार. कळीपासून तोडणीपर्यंत सहा महिने घरातल्या सगळ्यांचा जीव त्या बागेत अडकलेला असतो.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिली लागवड 'गणेश'ची केली होती. हे वाण पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. चिमा यांनी १९३६ साली आळंदीच्या डाळिंबातून निवडलं. मऊ दाणा, फिकट गुलाबी रंग, चव गोड. पुढं २००३-०४ च्या सुमाराला राहुरीच्या कृषी विद्यापीठानं 'भगवा' दिला. त्याची साल शेंदरी, चकचकीत. दाणा गडद लाल. लांबच्या प्रवासात टिकणारा. दुबईला आणि युरोपला जाणारं डाळिंब ते हेच. आमच्याकडची जुनी झाडं निघाली आणि सगळीकडे भगवा झाला. मग तेल्या आला. पानावर, फळावर तेलकट डाग पडतो, डागाची चीर होते, आणि हातातोंडाशी आलेलं फळ झाडावरच तडकतं. पावसाळी हवेत हा जिवाणू एका बागेतून दुसऱ्या बागेत असा पळतो, की फवारणी करणाऱ्याला दम खाता येत नाही. कितीतरी लोकांनी त्या काळात झाडं मुळासकट काढली. आण्णांनी टिकवली.

या सगळ्यात घरात एक नियम होता, कुणी कधी मोठ्यानं न सांगितलेला. चांगलं फळ खायचं नाही. प्रतवारीच्या वेळी एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असे ढीग लागायचे. पाखरानं टोचलेली, तडकलेली, उन्हानं एका अंगाला करपलेली फळं बाजूला पडायची, आणि आमच्या वाट्याला ती. मी लहान असताना एकदा एक नंबरच्या क्रेटला हात लावला तेव्हा आज्जी म्हणाली होती, "इकायचं हाय ते, खायाचं न्हाय." रागावून म्हणाली नव्हती. जे खरं होतं ते तिनं सांगितलं. प्रतवारीला येणाऱ्या बायका दिवसभर त्या लालभडक ढिगाऱ्यांत बसून असायच्या, आणि संध्याकाळी पदरात चार तडकलेली फळं बांधून न्यायच्या. त्यांच्यापैकी कुणी बाजारात जाऊन डाळिंब विकत घेतलं असेल, असं मला वाटत नाही.

आण्णांना हार्ट अटॅक आला तेव्हा बागेत फळं फुगवणीत होती. छातीत दुखण्याला त्यांनी आधी पित्त म्हटलं, मग वाऱ्याचा गोळा म्हटलं. दादानं ऐकलं नाही, गाडी काढली आणि त्यांना थेट शहरात नेलं, म्हणून ते वाचले. अँजिओग्राफी झाली, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसले. आणि दुसऱ्या दिवसापासून पिशव्या सुरू झाल्या. चुलते, मामा, भावकी, खताच्या दुकानदारापासून पतसंस्थेतल्या ओळखीच्यांपर्यंत सगळे आले, आणि प्रत्येकाच्या हातात फळं. सफरचंद, मोसंबी आणि डाळिंब. आयुष्यभर डाळिंब पिकवणाऱ्या माणसाच्या खाटेशेजारच्या कपाटात बाजारातून विकत आणलेली डाळिंबं ठेवायला जागा उरली नव्हती. नर्सबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही खा की थोडं." आईनं दाणे काढून वाटीत दिले. आण्णांनी वाटी हातात धरली आणि बराच वेळ नुसती बघत राहिले. मग म्हणाले, "एक नंबरचा माल हाय."

त्याच आठवड्यात एका नातेवाईकानं डाळिंबाच्या अर्काच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली. लेबलवर लाल हृदय, त्याभोवती डाळिंबाचे दाणे, आणि अँटिऑक्सिडंटची शक्ती वगैरे मजकूर. दुसऱ्यानं मोबाइलवर तो सुप्रसिद्ध काढा पाठवला, ज्यानं म्हणे ब्लॉकेज आपोआप उघडतात. प्रेमापोटीच सगळं. मी बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लेबल पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "याचा फायदा आहे असं मला सांगता येत नाही. हे पैसे फळांना वापरा. आणि रक्त पातळ ठेवायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, या दोन्हीत एक दिवसही खंड पडू देऊ नका. स्टेंट नवीन आहे." काढ्याबद्दल त्यांनी फक्त मान हलवली.

मला मात्र त्या बाटलीनं स्वस्थ बसू दिलं नाही. आमच्या डाळिंबात खरंच असं काही आहे का, की कुणीतरी दुकान मांडलंय? मी वाचत गेले, आणि वाचताना आमच्या बागेपासून फार लांब, आधी इस्रायलमध्ये आणि मग कॅलिफोर्नियात जाऊन पोचले.

हैफाच्या टेक्निऑन विद्यापीठात मायकेल अविराम नावाचे शास्त्रज्ञ रक्तातल्या मेदावर काम करत. त्यांची भूमिका समजून घ्यायची तर एक पायरी मागं जावं लागतं. १९८९ साली डॅनियल स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला होता, की वाईट कोलेस्टेरॉल म्हणून आपण ज्याला ओळखतो ते एलडीएल नुसतं वाढून भागत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरल्यावर त्याचं ऑक्सिडेशन होतं, म्हणजे ऑक्सिजनच्या क्रियेनं ते बिघडतं, आणि ते बिघडलेले कण तिथल्या पेशी अधाशासारखे गिळत सुटतात. गिळून गिळून त्या पेशी फुगतात, साचतात, आणि भिंतीत चरबीचा थर धरतो. विचार पटण्यासारखा होता. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: ऑक्सिडेशन रोखणारं काहीतरी, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, खाल्लं तर थर धरणार नाही का?

डाळिंब इथं पुढं आलं, कारण प्रयोगशाळेत त्याचा रस फार जोरदार ठरत होता. २००० सालच्या एका अभ्यासात कारखान्यात काढलेल्या डाळिंब रसाची अँटिऑक्सिडंट ताकद रेड वाइन आणि ग्रीन टीच्या सुमारे तिप्पट भरली. त्यातला मोठा वाटा प्युनिकॅलॅजिन नावाच्या टॅनिनचा, म्हणजे एका तुरट द्रव्याचा. अविराम यांनी तो रस माणसांना देऊन पाहिला. गळ्यातली कॅरोटिड धमनी अरुंद झालेले दहा रुग्ण रोज थोडासा, म्हणजे ५० मिलिलिटर रस वर्षभर घेत राहिले. २००४ साली निकाल छापून आला. रस न घेतलेल्यांच्या धमनीच्या भिंतीची जाडी वर्षभरात वाढली होती, आणि रस घेणाऱ्यांची ३० टक्क्यांपर्यंत कमी झाली होती.

हा आकडा वाचला तेव्हा मी उठून आईला फोन केला होता. ३० टक्के! आमच्या बांधावरच्या फळानं! दहा माणसांचा अभ्यास म्हणजे किती लहान, हे आनंदाच्या भरात मनावर ठसतच नाही. मग मी पुढचं वाचलं. २००९ साली अमेरिकेत हाच प्रश्न मोठ्या मापानं तपासला गेला. हृदयरोगाचा मध्यम धोका असलेली २८९ माणसं, रोज २४० मिलिलिटर म्हणजे एक मोठा पेला रस, दीड वर्ष. निम्म्यांना खरा रस, उरलेल्यांना त्याच्यासारखं दिसणारं साधं पेय. शेवटी दोन्ही गटांच्या धमन्या मोजल्या तेव्हा एकंदरीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ज्यांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, जास्त होते अशांसारख्या काही छोट्या गटांत थोडी आशा दिसली, पण असे तुकडे पाडून शोधलेली आशा पुन्हा तपासावी लागते.

दरम्यान कॅलिफोर्नियात पॉम वंडरफुल या कंपनीनं डाळिंबाचा रस बाटलीत भरून मोठा बाजार उभा केला होता. संशोधनावर साडेतीन कोटी डॉलरहून अधिक खर्च केल्याचं ती सांगत असे. तिच्या एका जाहिरातीत बाटलीच्या गळ्यात फास अडकवलेला होता आणि वर शब्द होते, मृत्यूला चकवा. २०१० साली फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं तक्रार दाखल केली, की हृदयरोग, प्रोस्टेट कॅन्सर यांवरचे हे दावे पुराव्याला धरून नाहीत. २०१३ मध्ये कमिशननं कंपनीच्या विरोधात निकाल दिला, २०१५ मध्ये अपील न्यायालयानं मूळ निष्कर्ष कायम ठेवला, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. या लढाईत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो न्यायालयानं धरलेला आग्रह: रोग बरा होतो किंवा टळतो असं म्हणायचं असेल, तर माणसांवर रीतसर केलेली, तुलनेचा गट असलेली निदान एक चाचणी दाखवा. कमिशन दोन मागत होतं, न्यायालयानं एकीवर आणलं. आपल्याकडच्या लेबलांना आणि फॉरवर्डना हा एवढाच प्रश्न विचारायची सवय लागली, तरी कितीतरी घरांचे पैसे वाचतील.

आणखी एक गोष्ट वाचून मी थबकले. तो कारखान्यातला रस अख्खं फळ सालीसकट दाबून काढलेला असतो. प्युनिकॅलॅजिन मुख्यतः सालीत आणि दाण्यांभोवतीच्या पिवळट पापुद्र्यात असतं. नुसत्या दाण्यांचा रस काढला, तर २००० सालच्या त्याच अभ्यासात त्याची ताकद बरीच कमी भरली होती. म्हणजे हैफातल्या आणि अमेरिकेतल्या माणसांनी जे प्यायलं, ते आपण खातो त्या डाळिंबापेक्षा वेगळंच. आपण दाणे खातो आणि साल उकिरड्यावर टाकतो. आमच्याकडं साल वाळवून ठेवत, पोट बिघडलं की उगाळून देत, तेवढाच तिचा उपयोग. तेव्हा परदेशातल्या रसाचे आकडे सांगून आमचे दाणे विकणं हे मला आमच्या फळाच्या बाबतीतही प्रामाणिक वाटत नाही, आणि ते मी डाळिंबवाल्याची मुलगी म्हणून सांगते.

बरं, ही टॅनिनं पोटात गेली तरी जशीच्या तशी रक्तात उतरत नाहीत. आतड्यातले जिवाणू त्यांची मोडतोड करून युरोलिथिन नावाची संयुगं बनवतात, आणि ती शरीरात फिरतात. हे जिवाणू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात. कुणाच्या आतड्यात युरोलिथिन भरपूर बनतं, कुणाच्या जवळपास नाहीच. एकाच वाटीतले दाणे दोन भावांनी खाल्ले, तरी आत जे घडतं ते वेगळं असू शकतं. परीक्षानळीत मोजलेली ताकद शरीरात तशीच उमटेल ही अपेक्षा इथंच कोसळते. अमेरिकेच्या कृषी खात्यानं फळांच्या अँटिऑक्सिडंट ताकदीचा जो मोठा तक्ता प्रसिद्ध केला होता, तो २०१२ साली स्वतःच मागं घेतला. त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी थेट संबंध लावता येत नाही, आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करत आहेत, हे कारण त्यांनी दिलं. तक्ता गेला, पण त्यातले आकडे अजून लेबलांवर जिवंत आहेत.

अँटिऑक्सिडंट वेगळं काढून गोळीत घातलं तर काय होतं, याचा इतिहास तर चांगलाच कडू आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यात बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. साल १९९४. गाजरात असतं तेच हे द्रव्य. ई जीवनसत्त्वाच्या गोळीनं हृदयविकार टळत नाही, हे २००० साली होप नावाच्या चाचणीत दिसलं. २००२ साली ब्रिटनमध्ये वीस हजारांवर लोकांना ई, क आणि बीटा-कॅरोटीन एकत्र देऊन पाहिलं, तिथंही हृदयाला काही लाभ नाही. स्टाइनबर्ग यांचा विचार चुकीचा होता असं यातून सिद्ध होत नाही. पण फळातून एक रेणू उचलून फळाचं काम त्याच्याकडून करून घेता येत नाही, एवढं तरी दिसतं.

इथवर वाचल्यावर माझी थोडी निराशा झाली होती. पण फळाची बाजू पडलेली नाही. उलट ती इथूनच उभी राहते.

चीनमध्ये पाच लाखांवर माणसांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाचा निकाल २०१६ साली आला. रोज ताजं फळ खाणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं मरण येण्याचं प्रमाण, फळ क्वचित किंवा कधीच न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. फळ कोणतं, त्यात किती अँटिऑक्सिडंट, हा प्रश्नच तिथं नव्हता. असे अभ्यास निरीक्षणाचे असतात. रोज फळ खाणारा माणूस बहुधा जरा सुस्थितीतला असतो, सिगारेट कमी ओढतो, डॉक्टरकडे वेळेवर जातो. संशोधक याचा हिशेब धरतात, तरी सगळा हिशेब कधीच लागत नाही. म्हणून ४० टक्क्यांचं सगळं श्रेय मी फळाला देणार नाही. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या माणसांत पुन्हा पुन्हा हीच दिशा दिसते, तेव्हा ती मनावर घ्यावी लागते. डाळिंबाच्या रसाच्या छोट्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर वरचा रक्तदाब साधारण पाच अंकांनी उतरलेला दिसतो. गोळीची जागा घेण्याएवढं हे नाही, पण पाच अंक म्हणजे काहीच नाही असंही नाही.

आणि साध्या गोष्टी तर आहेतच. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे चार ग्रॅम तंतू असतो, तोही दाण्यातल्या बीमुळे. रस काढून गाळला की तंतू जवळजवळ सगळा गेला, साखर मात्र राहिली. पोटॅशियम आहे, मीठ नाही. आणि ज्या वेळी माणूस वाटीभर दाणे खातो, त्या वेळी तो फरसाण खात नाही, बिस्कीट खात नाही. हे शेवटचं कारण लेबलवर छापता येत नाही, पण मला ते फार मोठं वाटतं.

आपल्यासाठी सगळ्यात बोचरे आकडे २००४ आणि २००७ सालचे. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासानं पहिल्या हार्ट अटॅकची कारणं शोधली. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण यांच्या यादीत 'रोज फळं-भाज्या न खाणं' हेही होतं. पुढं त्यातल्या दक्षिण आशियाई लोकांचा वेगळा विचार झाला. आपल्याकडं पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय ५३ भरलं. इतर देशांत ते जवळपास ५९ होतं. निरोगी माणसांची तुलना केली तर रोज फळं आणि भाज्या खाणारे आपल्याकडं २६.५ टक्के, इतरत्र ४५.२ टक्के. फळाचा देश, आंब्याचा देश, केळीचा देश म्हणवणाऱ्या आपल्याकडची ही गोष्ट.

खात का नाहीत, याचं उत्तर २०१६ सालच्या आणखी एका मोठ्या अभ्यासात आहे. दिवसाला माणशी दोन वेळा फळ आणि तीन वेळा भाजी खायची, तर भारत, पाकिस्तान, बांगलादेश, झिंबाब्वे यांच्या गटात घराच्या उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त हिस्सा त्यात गेला असता. श्रीमंत देशांत दोन टक्के. आज्जीच्या त्या वाक्याला मी बरीच वर्षं गावाकडची रीत समजत होते. हा आकडा वाचल्यावर ती रीत कुठून आली ते कळलं. ज्या घरात फळ विकून ज्वारी, तेल आणि शाळेची फी येते, तिथं फळ खाणं म्हणजे पैसे खाणं. आजारपणात तेवढी सूट मिळते, कारण आजारपणात सगळ्याच खर्चाला सूट मिळते. म्हणून 'रोज फळं खा' असं नुसतं सांगून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. राष्ट्रीय पोषण संस्था रोज १०० ग्रॅम फळ सांगते. चार माणसांच्या घरात ते महिन्याला बारा किलो. एक नंबरच्या भगव्याचा भाव लावून बघा.

पण फळ म्हणजे एक नंबरचा भगवाच, हे कुणी ठरवलं? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दहा हृद्य, म्हणजे हृदयाला हितकर, द्रव्यांची यादी आहे. ती बघून मी चकित झाले, कारण आंबा, करवंद, कोकम, बोर, डाळिंब, महाळुंग अशी सगळी आंबट-गोड फळंच तिथं एकत्र बसलेली आहेत. चरकांच्या काळी धमनीतला चरबीचा थर कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असा अर्थ मी त्यातून काढत नाही. मला आवडली ती त्या यादीतली संगत. डाळिंबाच्या पंगतीत बांधावरचं बोर आहे आणि डोंगरातलं करवंद आहे. बाजारात ज्यांना कुणी क्रेटमध्ये भरत नाही अशी फळं. करवंदाचा, जांभळाचा, कोकमाचा तो गडद रंग अँथोसायनिनचा, म्हणजे ज्या द्रव्यासाठी ब्लूबेरीचं इतकं कौतुक होतं त्याच कुळातला. हे सांगून मी त्यांना नवं औषध बनवू पाहत नाही. ती खावीत, कारण ती गोड आहेत, आंबट आहेत, मोसमात स्वस्त आहेत, आणि पोटाला चांगली आहेत.

आण्णा घरी आल्यावर आम्ही हेच धरून चाललो. तंबाखूची चंची आईनं लपवली नाही. आण्णांनीच ती दादाच्या हातात दिली. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. गोळ्यांचा डबा चहाच्या कपाजवळ आला. आणि दुपारी चारला, जेव्हा आधी चहाबरोबर खारी किंवा बटर असायचं, तेव्हा फळ. थंडीत पेरू आणि बोरं. मे-जूनमध्ये पाहुण्यांकरवी घाटाखालून आलेली करवंदं, मग जांभळं. पावसाळ्यानंतर सीताफळ. बाकी वर्षभर केळं. आणि बहार निघाला की डाळिंब, अख्खं, दाणे काढून, रस न करता. आण्णांना मधुमेह आहे, म्हणून एका वेळी एक वाटीच. त्यांच्या एका मित्राची मूत्रपिंडं अधू आहेत. त्यांना डॉक्टरांनी पोटॅशियममुळे डाळिंब आणि केळं दोन्ही बेतानं खायला सांगितलंय. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट चालत नाही. हे ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं, मोबाइलवरच्या काढ्याला विचारून नव्हे.

सुरुवातीला आण्णा चांगलं फळ फोडू देत नसत. "तडकलेलं बघ एखादं," म्हणायचे. आई एकदा वैतागून म्हणाली, "अहो, दवाखान्यात दुसऱ्याचं विकतचं खाल्लंत, मग घरचं खायला काय झालं?" त्यावर ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बागेतून येताना टोपीत दोन फळं घेऊन आले. एक नंबरची. दादाच्या पोरांनी दाणे काढायला बसवलं तर आजोबांच्या हातून एकही दाणा फुटत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

मीही आता पुण्याहून कुणाकडं सहज जाताना फळं नेते. दार उघडणाऱ्याचा चेहरा आधी काळजीनं भरतो. मग मी सांगते, सगळे बरे आहेत, खायला आणलीत. काही घरांत ती तशीच देवापुढं जातात. काही घरांत आता माझ्यासमोरच सुरी येते.

या वर्षी दादानं हस्त बहार धरलाय. ताण चांगला बसला, कळी भरपूर निघाली, आणि अजून तरी तेल्याचा डाग नाही. प्रतवारीच्या दिवशी एक नंबरच्या ढिगातून काही क्रेट काढून ठेवायचे, घरासाठी आणि प्रतवारीला बसणाऱ्या बायकांसाठी, आणि ते हिशेबात आधीच धरायचे, असं त्यानं आण्णांशी बोलून ठरवलंय. जागेवर सौदा करायला आलेल्या व्यापाऱ्याला त्यानं तसं सांगितलंही. व्यापारी म्हणाला, तेवढ्यानं रकमेत फरक पडेल. दादा म्हणाला, पडू दे.